सापडून नाही राहिलं

सन एकोणीसशे सदुसष्ट, मे महिन्याची पंचवीस तारीख. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला तो दिवस. त्या दिवशी मी नागपूरच्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये दफ्तरी म्हणून लागलो. कचेरीचं नाव सांगत नाही. त्यातली बहुतेक माणसं गेली, पण त्यांची मुलंबाळं आहेत.

दफ्तरी म्हणजे जुने कागद ठेवणारा आणि मागितले की काढून देणारा. कागद लाल कापडात बांधून ठेवतात, त्याला बस्ता म्हणतात. एकावर एक बस्ते चढत जातात. खालचा एक ओढला की वरचे चार अंगावर येतात. गोष्टींचंही तसंच होतं. मुलगी म्हणाली, बाबा, कचेरीतली एखादी सांगा. एक ओढली, तर या एवढ्या आल्या. माझं शिक्षण चौथी. आठवतं तसं लिहितो.

आधी एक सांगून ठेवतो. नोकरी टेम्पररी होती. तीन-तीन महिन्यांची ऑर्डर निघायची. घरी बायको, दोन मुली, पाचपावलीत भाड्याची एक खोली. कायम व्हायचं तर बडेबाबूंचा शेरा चांगला पाहिजे. बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. आमची चूल त्यांच्या पेनावर पेटायची, असं समजा.

आणि बडेबाबू पैसे घेत. कचेरीत सगळेच घेत. मी घेणार नव्हतो. का, म्हणून विचाराल तर मोठं उत्तर नाही. वडिलांनी मरताना सांगितलं वगैरे काही नाही. मला आवडत नव्हतं.

*

पहिल्याच दिवशी बडेबाबूंनी मला टेबलासमोर उभं केलं. उंच माणूस. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, कानात अत्तराचा फाया.

"नाव काय?"

"दौलत."

"नावातच दिसते. खिशात तर काही दिसत नाही."

सगळे हसले. मी हसलो नाही.

"कोणी कागद मागाले आलं तर काय म्हणशील?"

"शोधतो, म्हणीन."

"चूक! म्हणायचं, सापडून नाही राहिलं."

"म्हणजे, सापडत नाही, असं?"

बडेबाबूंनी पेन खाली ठेवलं. मास्तर समजावतो तसं समजावलं.

"नाही गा. ‘सापडत नाही’ म्हटलं की संपलं. माणूस घरी जाते. ‘सापडून नाही राहिलं’ म्हटलं म्हणजे शोधणं चालू आहे. आशा आहे. आशा असली म्हणजेच माणूस खिशात हात घालते. समजलं?"

"समजलं. पण शोधल्याबिगर कसं म्हणू?"

 नक्कल लिहिणारे गुलाबराव माझ्याकडे पाहत म्हणाले, "बडेबाबू, याले कोणं पाठवलं हो?"

दुपारी एक म्हातारा आला. कागदाचा नंबर त्याच्या हातावर लिहिलेला. मी दहा मिनिटांत काढून दिला. तो पाया पडायला वाकला, मी मागे सरलो. तो गेल्यावर बडेबाबूंनी कपाळाला हात लावला.

"सापडलं तर सापडलं रे बाप्पा! पण लगेच काहून सापडलं?"

*

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असायची. सुटायच्या आधी गुलाबराव दार लोटून घेत आणि आठवड्याची वाटणी करत. पहिल्या शनिवारी त्यांनी माझ्यासमोर दोन रुपये ठेवले.

"हे माझे नाही," मी म्हटलं.

"तुझेच आहेत. तुझा हिस्सा आहे."

"मी तर काहीच केलं नाही."

"म्हणून तर दोनच आहेत!"

मी उठून गेलो. सोमवारी पाहतो तर दोन रुपये तिथेच, दौतीखाली. पुढच्या शनिवारी चार झाले. मग सहा. मग आठ. मी गुलाबरावांना म्हटलं, तुम्हीच घेऊन टाका. त्यांचे कान लाल झाले. खरंच राग आला त्यांना.

"दुसऱ्याच्या हिश्शाले हात लावू? आम्ही काय चोर आहो का?"

शेवटी बडेबाबूंनी त्या पैशाचा एक मोठा माठ आणवला आणि रेकॉर्ड रूमच्या दारात ठेवला. येणारेजाणारे पाणी पीत. मी मात्र बाहेरच्या नळावर जायचो. त्या नळाला दुपारी चहा करण्याजोगं पाणी यायचं.

गुलाबराव म्हणाले, "अरे, माठातलं पाणी सरकारी नळाचंच आहे!"

"पाणी नळाचं आहे. माठ कोणाचा?"

तीन दिवसांनी माझ्या टेबलावर पितळेचा लोटा आला. पाण्यानं भरलेला, वर फुलपात्र पालथं. बडेबाबू बाजूला उभे.

"घरून आणला. सासऱ्याचा आहे."

मी लोट्याला हात लावला नाही.

"मास्तर होते ते. जन्मभर एका कोटावर काढलं. पे बिनघोर."

मी प्यालो. पाणी गार होतं.

*

अडुसष्ट सालचा फेब्रुवारी. काटोलकडच्या एका बागवाल्याला जुन्या नकाशाची नक्कल हवी होती. मी कचेरीत असताना त्याचा माणूस घरी येऊन संत्र्यांची टोपली ठेवून गेला. मी घरी पोचलो तेव्हा धाकटी सुमन टोपलीजवळ बसलेली. हात मागे.

"किती खाल्ली?"

बायको म्हणाली, "एकच सोललं तिनं. अर्धं मले देलं. पोरीले काही बोलू नका."

 पोरीच्या हाताला वास येत होता. त्या हंगामात आमच्या घरी ते पहिलं संत्रं. नागपुरात राहून!

सकाळी बाजारातून एक संत्रं घेतलं, टोपलीत ठेवलं, टोपली सायकलला बांधली. अकरा वाजता बागवाला आला. मी टोपली त्याच्यासमोर ठेवली.

"पुरी आहेत. मोजून घ्या."

त्यानं मोजली नाहीत. वरचं एक उचललं. दाबलं.

"हे माझं नाही."

"कसं नाही?"

"माझ्या बागेच्या फळाची साल ढिली राहते. हे पाहा, चिकटून आहे. हे बाजारचं."

सगळी कचेरी पाहत होती. मला शरमल्यासारखं झालं, पण सांगून टाकलं. "एक पोरीनं खाल्लं. त्याच्या बदल्यात ठेवलं."

बागवाला स्टुलावर बसला. ते संत्रं हातात फिरवत राहिला. मग तिथेच सोललं. अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं मला दिलं.

"कसं आहे?"

"आंबट."

"मंग! माझं गोड पोरीनं खाल्लं अन् हे आंबट मले देता? नुकसान केलं ना तुम्ही माझं!"

गुलाबराव तर टेबलावर डोकं ठेवून हसले. बागवाला टोपली घेऊन गेला आणि नक्कलही त्याच दिवशी घेऊन गेला. संध्याकाळी घरी जाता जाता बडेबाबू माझ्या कानाशी आले.

"दौलत, अर्धं संत्रं खाल्लं तू. आम्ही पाह्यलं."

"ते माझ्या पैशाचं होतं."

*

कोणीतरी वर तक्रार केली. चौकशीला एक साहेब येणार, अशी सकाळी खबर आली. गुलाबराव धावत माझ्याकडे. खिशातून नोटा काढल्या.

"हे तुझ्यापाशी ठेव. तुझी झडती कोणी घेत नाही."

"काहून घेत नाही?"

"तू इमानदार ना!"

"म्हणूनच नाही ठेवत."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज. गुलाबरावांनी नोटा हाताला लागेल त्या बस्त्यात खुपसल्या आणि जागेवर जाऊन लिहायला लागले. टाक कोरडाच होता.

साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. मला विचारलं, "इथे पैसे घेतात?"

"मी घेत नाही, साहेब."

"आणि बाकीचे?"

 मी म्हटलं, "साहेब, मला कागदांवर नेमलं आहे, माणसांवर नाही. खोटं मी बोलणार नाही. म्हणून मला विचारू नका."

साहेब म्हणाले, "हेसुद्धा उत्तरच झालं."

दार उघडून बाहेर आलो तर बडेबाबू दारातच. त्यांनी ऐकलं होतं.  माझी तीन महिन्यांची ऑर्डर त्याच आठवड्यात संपत होती. बायकोला सांगितलं, या वेळी येईल असं धरू नको. ती म्हणाली, "खरं बोलले का?" मी म्हटलं, अर्धं. ती म्हणाली, "मंग अर्धी येईन." ऑर्डर आली. कायमची नाही, तीन महिन्यांचीच.

त्या दिवशी मी बरोबर वागलो की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.

चौकशीतून पुढे काही निघालं नाही. साहेबांची गाडी गेली तसे गुलाबराव बस्त्यांकडे धावले. दोन बस्ते सोडले, चार सोडले, दहा सोडले. घामानं सदरा भिजला.

"बडेबाबू! सापडून नाही राहिलं हो!"

बडेबाबूंनी मान वर न करता म्हटलं, "दहा रुपये ठेव, सापडते."

नोटा मला दुसऱ्या दिवशी दिसल्या. गुलाबरावांच्या हातात दिल्या. त्यांनी मोजल्या नाहीत. मला तेवढा मान पुरला.

*

एकोणसत्तर साल, पोळा होऊन आठ दिवस झालेले. शुक्रवारी कन्हानहून अनसूयाबाई आल्या. नवरा खाणीतल्या अपघातात गेला होता. राहतं घर सासऱ्याच्या नावावरचं. दीर म्हणत होता, घर माझं. मंगळवारी कोर्टाची तारीख होती. त्या तारखेला सासऱ्याच्या वाटणीपत्राची नक्कल दाखवली नाही, तर बाई आणि तिची पोरं घराबाहेर.

रजिस्टरात बस्त्याचा नंबर होता. खणात त्या नंबरची जागा रिकामी! अडीच वर्षांत असं झालं नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत शोधलं. बस्ता हरवला तर जबाबदार दफ्तरी. मग कायम होणं सोडाच, आहे ती ऑर्डरही जाणार.

शनिवारी बाई परत आल्या. मी वर चढलेला, अंगभर धूळ. खाली उतरलो आणि तोंडातून निघून गेलं, "बाई, सापडून नाही राहिलं."

बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

बाई रागावल्या नाहीत. खाली बसल्या, पदराची गाठ सोडली आणि पाच रुपयांची नोट टेबलावर ठेवली.

"बाई, तसं नाही. खरंच नाही सापडून राहिलं."

त्यांनी आणखी दोन रुपये काढून वर ठेवले. "समजते भाऊ मले. सध्या एवढेच आहेत."

अडीच वर्षांत ते वाक्य मी एकदा बोललो. खरं बोललो. त्याचे सात रुपये ठरले!

मी नोटा उचलून त्यांच्या हातात दिल्या आणि मूठ बंद केली. तर बाई रडायलाच लागल्या. पैसे परत केले म्हणजे आता काम होणारच नाही, असं त्यांना वाटलं. "काहून नाही घेत भाऊ? कमी आहेत का? सोमवारी डोरलं मोडून आणीन न!" त्यांना कसं समजवावं ते मला कळेना. मला बोलणं कमीच येतं.

बडेबाबू आपल्या टेबलावरून सगळं पाहत होते. बाई गेल्यावर किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले.

"उद्या आठ वाजता ये."

"उद्या रविवार आहे."

"मले माहीत आहे कोणता वार आहे ते."

रविवारी त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, टोपी त्यावर ठेवली, धोतराचा काचा मारला. आम्ही दोघांनी भिंतीपासून सुरुवात केली. एक एक बस्ता खाली, झटकून, नंबर पाहून परत वर. दोन तासांत ते खोकून खोकून बेजार झाले.

"दौलत, एक सांगू का? सत्तावीस वर्षं झाली नोकरीले. मी आजपर्यंत काहीच शोधलं नाही गा."

बाराच्या सुमाराला ते खिडकीजवळच्या लोखंडी कपाटासमोर थांबले.  मग म्हणाले, "हात लाव." आम्ही कपाट सरकवलं. मागे भिंतीला टेकून बस्ता उभा होता.

"बासष्ट साली मीच ठेवला," ते म्हणाले. "एका सावकाराचा कागद होता याच्यात. त्या कागदाचा भाव वाढवायचा होता. सावकार मरून गेला, अन् मी विसरून गेलो."

कापड उधळीनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लं होतं. वाटणीपत्राच्या कडा गेल्या होत्या. नाव, नंबर आणि घराची लांबीरुंदी शाबूत होती.

सोमवारी गुलाबरावांनी हातातलं काम बाजूला ठेवून नक्कल लिहिली. बाईंनी कोर्ट फीच्या तिकिटाचे तेवढे पैसे भरले आणि विचारलं, "अन् वरचे?" मी म्हटलं, नाहीत. फाटकापर्यंत जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. घर त्यांनाच राहिलं, हे पुढे कळलं.

कचेरीच्या साहेबांनी विचारलं, बस्ता सात वर्षं कपाटामागे कसा? दफ्तरीचं नाव लिहिलं असतं तर कोणी दुसरा प्रश्न केला नसता. बडेबाबूंनी रजिस्टर ओढलं आणि लाल शाईनं लिहिलं, ‘सदर बस्ता माझ्या हातून गैरजागी ठेवला गेला. दफ्तरीचा दोष नाही.’ खाली सही. त्यांची एक वर्षाची वेतनवाढ थांबली.

त्याच महिन्यात माझ्याबद्दलचा शेरा वर गेला. इंग्रजीत होता. मी गुलाबरावांना म्हटलं, वाचा. त्यांनी वाचून दाखवलं, "याच्या हाताला कागद लगेच सापडतो." मी कायम झालो.

बडेबाबूंकडे गेलो. "तुमचं माझ्याकडे राह्यलं," म्हटलं.

"काय राह्यलं?"

"एक रविवार."

"जाय, काम कर," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पैसे घेणं सोडलं, असं कोणाला वाटत असेल, तर नाही. दुसऱ्याच दिवशी घेतले.

*

बडेबाबू अठ्ठ्याहत्तर साली रिटायर झाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात एक दिवस कचेरीत आले. कोट तोच, गळ्याशी सैल झालेला. बाकीच्या लोकांसारखे रांगेत उभे राहिले. त्यांच्या खुर्चीवर आता तीस वर्षांचा पोरगा होता. मी आतून ऐकत होतो.

"बाबूजी, तुमचं सर्व्हिस बुक सापडून नाही राहिलं."

सर्व्हिस बुक म्हणजे नोकरीची जन्मपत्रिका. ते नाही तर पेन्शन नाही. घरी त्यांची बायको वर्षभरापासून अंथरुणावर होती. औषधं उधारीनं येत होती.

ते माझ्या टेबलाशी आले. मी उठून खुर्ची दिली.

"ऐकलं का गा? माझंच वाक्य."

"ऐकलं."

"चांगलं म्हटलं पोरानं. ‘राहिलं’ थोडं लांबवाले पाह्यजे होतं."

"पैसे मागितले का त्यानं?"

"मागितले. देले. दोनदा देले." बडेबाबूंचा आवाज खाली गेला. "पैसे घेऊनही नाही काढून राहिला तो. याचा अर्थ समजते का तुले, दौलत? खरंच हरवलं गा."

एवढं बोलून ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी जुनं रेकॉर्ड ट्रकमध्ये भरून वाडीच्या एका भाड्याच्या गोदामात टाकलं होतं. टाकलं म्हणजे टाकलंच. बस्ते सुटलेले, नंबर गळालेले, वर पत्रा गळणारा. पुस्तक त्यातच गेलं असेल म्हणून मी साहेबांकडून लेखी परवानगी घेतली. चावी घेतली. रविवारी भाकरी बांधून सायकलनं अमरावती रोडला लागलो. बायको म्हणाली, "त्या माणसासाठी?" मी म्हटलं, हो.

पहिला रविवार दाराजवळचा ढीग संपवण्यात गेला. दुसऱ्या रविवारी पाऊस असा लागला, की मी बस्ते भिजू नयेत म्हणून नुसते इकडून तिकडे केले. तिसऱ्या रविवारी दुपारी एक बस्ता सोडला. वर चिठ्ठी होती, ‘शिपायांचे गणवेश व छत्र्या’. छत्र्यांच्या पावत्यांमध्ये बडेबाबूंचं सर्व्हिस बुक होतं. कोरडं.

सोमवारी साहेबांसमोर नोंद केली. निरोप पाठवला. बडेबाबू रिक्षानं आले. पुस्तक उघडून उभ्यानंच पानं पाहत गेले. एकोणसत्तरच्या पानावर, वेतनवाढ थांबवल्याच्या लाल शाईतल्या नोंदीशी थांबले, मग पुढचं पान उलटलं.

"किती रविवार गेले?"

"तीन."

"मी तर एकच देला होता."

"एकच धरा. पहिले दोन रिकामे गेले."

त्यांनी रजिस्टरात सही केली. मी टीपकागदानं शाई टिपली.